कोपऱ्यातला ठिपका

चंपतराव ऑपरेटरच्या मनात पाल चुकचुकली नाही, असा दिवस सीताबर्डीच्या थिएटरने पाहिला नाही. चहा पातळ निघाला तरी त्यात कोणाचा तरी हात असायचाच. भरवसा म्हणाल तर एकाच माणसावर, आणि तोही सातासमुद्रापार: एडविन हार्कर, इंग्रज डायरेक्टर.

चौसष्ट साली हार्करचा पहिला पिक्चर रविवारच्या मॉर्निंग शोला लागला. इंग्रजीचं अक्षर न कळणारे लोकही शेवटच्या पाठलागाला खुर्च्यांवर चढले. चंपतरावांनी नव्या नवरीला, कौशल्याला, बाल्कनीत बसवलं होतं. "वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकला का समजजो, रीळ संपून राहिलं. तो पाहूनच मी दुसरी मशीन चालू करतो." बिचारीने पिक्चर सोडून ठिपकेच पाहिले. प्रत्येक ठिपका तिला नवऱ्याची हाक वाटला.

पुढे दहाएक वर्षं हार्कर म्हणजे हाउसफुल्ल. मग काय बिनसलं कोण जाणे! पिक्चर ढिले पडले, पेपरवाले टर उडवू लागले, बाल्कनीत उंदीर फिरू लागले. चंपतराव ऐकून घेत नसत. "हे त्याचे नाहीतच. त्याच्या नावावर दुसराच कोणी खपवून राहिला."

त्याच सुमारास मशीनच्या केबिनमध्येही घोळ सुरू झाला. रीळ संपायचं, दुसरी मशीन वेळेवर चालू व्हायची नाही, आणि पडदा पांढराफट्ट. शिट्ट्या, शिव्या. चंपतरावांनी चोर केव्हाच ठरवला होता: वितरकाची माणसं रिळाचं शेपूट कापतात, ठिपके त्यातच जातात. मालक गोपाळराव मात्र वैतागले. "आता पडदा पांढरा झाला, तर केबिन सोडा अन् खाली गेटवर तिकिटं फाडायले बसा."

एक्याऐंशीत हार्करचा नवा पिक्चर आला. चंपतरावांनी बायकोला पुन्हा बाल्कनीत धाडलं, या खेपेला साक्षीदार म्हणून. पडदा दोनदा पांढरा झाला.

शो सुटल्यावर कौशल्याबाई जिना चढून केबिनमध्ये आल्या.

"पाह्यलं? कापले का नाही ठिपके?"

त्या स्टुलावर टेकल्या. "अजी, सगळे आले. मी एकही सोडला नाही."

"तुले कोणी शिकवलं वं हे? गोपाळरावानं?"

बोलल्यावर चंपतरावांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी रिळाचं शेपूट ओढून दिव्यासमोर धरलं. नुसतं धुकं. कौशल्याबाईंनी त्यांचं बोट हातात घेऊन फिल्मवर टेकवलं.

"हा पाहा. अन् हा, याच्या बाजूचा."

चंपतरावांनी डोळे पुसले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. धुकं तसंच. मग मात्र त्यांना फार भीती वाटली.

"म्हणजे पिक्चरही हार्करचाच होता वं," ते हळूच म्हणाले.

केबिनची किल्ली गोपाळरावांना द्यायला ते निघाले. जिन्यावर कौशल्याबाई एक पायरी पुढे होत्या, आणि त्यांच्या खांद्यावर चंपतरावांचा हात होता.