संदर्भ नसलेला रणगाडा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती विचारणारही नाही म्हणा — तिच्या लेखी मी साठी उलटल्यावरही प्लास्टिकचे रणगाडे चिकटवत बसणारा माणूस आहे, आणि असल्या खेळात कुणाचं वाईट ते काय होणार? तुम्हालाही तसंच वाटेल. मी सुरुवात खेळापासूनच करतो. तेवढाच मला वेळ मिळेल.

आम्ही दहा-बाराजण आहोत. कुणी बँकेतला, कुणी दातांचा डॉक्टर, मी विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला. दर दुसऱ्या रविवारी दादरला एका वाचनालयाच्या माडीवर जमतो आणि रणगाड्यांची मॉडेल्स करतो. असतात वीतभरच, पण बोल्ट न् बोल्ट मोजून केलेली. वर्षातून एकदा ग्रूप बिल्ड असतं. म्हणजे विषय सगळ्यांना एकच, सहा महिने ज्याने त्याने आपापलं मॉडेल करायचं आणि शेवटी सगळी एका लांब टेबलावर मांडून लोकांना दाखवायची. त्या वर्षी विषय होता आजच्या काळातल्या चिलखती गाड्या. आणि आमचा एक नियम आहे — आमचा कसला, माझाच — की मॉडेलवर जे काही लावाल, त्याचा फोटो दाखवायचा. त्याला आम्ही संदर्भ म्हणतो. संदर्भ नसेल तर मॉडेल मोठ्या टेबलावर जात नाही. ते कोपऱ्यातल्या छोट्या टेबलावर जातं, पुढे 'काल्पनिक' अशी पाटी लावून. तिथे बहुतेक पंख फुटलेले रणगाडे वगैरे पोरखेळ असतो.

संदर्भांचा धनी मी. फणसवाडीतल्या माझ्या दोन खोल्यांत कपाटभर पुस्तकं, मासिकं, कात्रणं आहेत. कुणाचं काही अडलं की 'सरांना विचारा'. छत्तीस वर्षं नोकरी केली, तिथे मला कधी कुणी काही विचारलं नाही. इथे विचारायचे. हे तेवढं ध्यानात ठेवा. माफीसाठी नाही, नुसतं कळावं म्हणून.

त्या वर्षी कांबळे आले. सुदाम कांबळे, परळचे. सैन्यात रणगाड्यांवर मेकॅनिक होते, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. अतिशय स्वच्छ काम, मोजकं बोलणं. त्यांचं आडनाव आणि हुद्दा ऐकून माझ्या मनात जे आलं ते मी तेव्हा स्वतःशीही धड बोललो नव्हतो. आता लिहितो — हा आपल्याला काय शिकवणार, असं आलं होतं.

त्यांनी पहिल्याच रविवारी शिकवलं. माझा टी-७२ रणगाडा टेबलावर होता. दोन वर्षं खपून केलेला, सगळ्यांनी वाखाणलेला. तोफ खाली झुकलेली, सरळ समोर, आणि तिच्याखाली ड्रायव्हर झाकण उघडून छातीपर्यंत बाहेर आलेला. कांबळे वाकून बघत राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "सर, तोफ अशी झाकणाच्या वर आली की ड्रायव्हरचं झाकण उघडतच नाही. हा बाहेर आला कुठून?"

सगळे हसले. कांबळेही हसले, पण त्यात खोच नव्हती. मीही हसलो. घरी येऊन तो ड्रायव्हर चिमट्याने उपटून कचऱ्यात टाकला.

कांबळे आपल्या रेजिमेंटचाच टी-७२ करत होते. मुलीसाठी. प्रज्ञा शाळेत असताना हा माणूस वर्षानुवर्षं राजस्थानात. बाप म्हणजे सुट्टीवर येणारा पाहुणा. आपण तिकडे काय करत होतो ते तिला एकदा दाखवायचं होतं. रणगाड्याचा वरचा फिरता भाग असतो ना, टरेट, त्याच्या मागे डाव्या अंगाला त्यांनी बारीक पट्ट्यांची एक चौकट केली होती, पाण्याचे दोन कॅन बसतील अशी. मी संदर्भ मागितला. ते म्हणाले, "फोटो नाही सर. तिथं कॅमेरा कोण नेऊ देणार? दोरीनं बांधलेलं पाणी पडून जायचं रस्त्यात. म्हणून लोखंडी अँगल वेल्ड केले होते आम्ही." मी म्हटलं, बघू.

प्रदर्शनाच्या दिवशी त्यांचा रणगाडा मी स्वतः उचलून कोपऱ्यातल्या टेबलावर नेला. पाटीही मीच लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे.

प्रज्ञा नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन आली होती. मोठ्या टेबलावर शोधून झालं आणि मग त्यांना तो सापडला, पंखवाल्या रणगाड्याशेजारी. कांबळे माझ्याकडे आले. आवाज चढला नव्हता, पण चेहरा उतरला होता. "सर, ते वेल्डिंग मी स्वतः केलंय. ह्या हातांनी. काल्पनिक कसं म्हणता?"

आजूबाजूला माणसं जमली होती. मी त्या माणसांकडे बघून म्हटलं, "कांबळे, आठवायला काय हो, माझ्या आजोबांनाही शेवटी शेवटी आठवायचं की आपण चौपाटीवर वाघ मारला."

मोठा हशा पिकला. विनोद चांगला होता. मला तेव्हा वाटला आणि — खोटं कशाला सांगू? — आजही वाटतो.

प्रज्ञा हसली नाही. सासूबाई हसल्या, तोंडाला पदर लावून. मग प्रज्ञाने हळूच विचारलं, "बाबा, नक्की होतं ना तसं?" कांबळे मॉडेलवर वाकले. म्हणाले, "होतं... असं वाटतं तरी." आणि नखाने ती चौकट खरवडून काढली, शर्टाच्या खिशात ठेवली. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाले, "माझंच काही चुकलं असेल, सर." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हो, तेही केलं.

आता मुद्द्याचं. टाळून टाळून किती टाळणार?

फोटो होता. माझ्याकडे होता. प्रदर्शनाच्या आधी पंधरा दिवस रे रोडच्या एका रद्दीवाल्याकडून जुन्या मासिकांचा गठ्ठा आणला होता, त्यात सापडला. वाळवंटात उभा टी-७२, मागच्या बाजूने घेतलेला. टरेटच्या डाव्या अंगाला अँगलची चौकट, तीत दोन कॅन. मी भिंग लावून पाहिलं. कांबळेंनी पट्ट्यांचा तिरका आधारसुद्धा जिथल्या तिथे दिला होता. तीसेक वर्षांपूर्वीचं, नुसत्या आठवणीवर. मी ते मासिक मिटलं आणि कपाटाच्या तळाशी, जुन्या कात्रणांखाली सरकवलं. म्हणजे पाटी लिहिताना मला माहीत होतं. वाघाचा विनोद केला तेव्हाही माहीत होतं.

इथे संपलं असतं तर मी लिहायला बसलोच नसतो कदाचित. एका माणसाचा पाणउतारा केला, झालं. असे किती होतात?

कांबळे त्यानंतर आले नाहीत. वर्षभराने एका दुपारी प्रज्ञा आली. पत्ता विचारत विचारत, फणसवाडीत, एकटी. बसली, पाणी प्यायली. म्हणाली, बाबांचा स्वतःवरचा भरवसाच गेलाय. गॅस बंद केला का, हे दहादा बघतात. आपण खरंच जैसलमेरला होतो का, असं आईला विचारतात. एका डॉक्टरांना दाखवलंय. "काका, डॉक्टर विचारतायत की बाबा कधी न घडलेल्या गोष्टी घडल्या म्हणून सांगायचे का. आधीपासून, म्हणजे हे सगळं व्हायच्या आधी. मला तर ती चौकटच आठवली. तुम्ही ह्यातले जाणकार आहात. तसं काही नसायचंच ना? असेल तर सांगा हं, म्हणजे बाबांचं डोकं तेव्हा तरी ठीक होतं."

कपाट तिच्या पाठीमागे होतं. हात लांब केला असता तरी पोचला असता. उघडलं असतं तर काय झालं असतं? एक बाई आनंदाने रडली असती, आणि मग तिने माझ्याकडे बघितलं असतं. त्या बघण्याला मी भ्यालो.

"नाही गं," मी म्हटलं. "मी सगळे संदर्भ तपासलेत. तसं काही नव्हतं."

तिने मान हलवली. खरं सांगितल्याबद्दल माझे आभार मानले. मग पर्समधून डॉक्टरांनी दिलेला प्रश्नांचा कागद काढला आणि माझं उत्तर माझ्याच टेबलावर लिहायला घेतलं. तिचं पेन उमटेना, तेव्हा मी माझं दिलं.

त्याच आठवड्यात कांबळेंच्या गोळ्या सुरू झाल्या. अजून चालू आहेत.