गोधडीतला भात

पर्यावरणपूरक सवयींवर मी तीन वर्षं ब्लॉग लिहितेय, आणि आमच्या घरात सर्वांत जास्त गॅस मीच जाळते. हा शोध माझ्या नवऱ्याचा, सुहासचा. त्यामुळे मुळशीत खोल्या भाड्याने देणाऱ्या एक मावशी निम्म्या गॅसवर रांधतात असं मैत्रिणीकडून कळलं, तेव्हा नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी त्याला गाडीत कोंबलंच.

सकाळी साडेसहाला चांदणी चौक सोडलात तर भूगाव-पिरंगुटची गर्दी चुकते. पौडला मिसळ खा, कारण पुढचा रस्ता पोट रिकामं करतो. दोघांचं राहणं-जेवण मिळून दोन हजार पडले. खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

शेवंतामावशी घाईत होत्या. "आज माज्या शेतात इर्जिक हाय, ताई. अकरा बाया हायेत कापनीला." इर्जिक म्हणजे एकमेकींच्या शेतात मजुरी न घेता राबायचं, आणि जिचं शेत तिने सगळ्यांना वेळेवर जेवू घालायचं. जेवण उशिरा गेलं तर गावभर वर्षभर बोलणी.

पिठलं तयार होतं. भाताला चांगली उकळी आली, पाच मिनिटं गेली आणि मावशींनी गॅस बंद केला. पेंढा भरलेल्या मोठ्या पाटीत पातेलं बसवलं, वर दुहेरी गोधडी दाबली. "तासाभरात आपोआप शिजतंय. तवर मी चार वाफे कापून येते. हात लावू नका," असं सांगून विळा घेऊन गेल्यासुद्धा.

आता मला ब्लॉगसाठी फोटो हवा होता. गोधडीचा काय फोटो काढायचा? मी झाकण उघडलं. वाफेने लेन्स धुरकटली. पुसून पुन्हा उघडलं.

"अगं, हात लावू नका म्हणाल्यात ना?" सुहास म्हणाला.

"एकच," म्हणत मी तिसऱ्यांदा उघडलं.

साडेबाराला मावशी आल्या. एक शीत बोटांत चिरडून बघितलं. "कच्चं हाय. उघडलं व्हतं व्हय?"

मला रडूच आलं. मी खरं सांगितलं. त्यांनी गोधडी बाजूला सारली आणि पातेलं गॅसवर चढवलं. पाऊण तास गेला, गॅस गेला, आणि शेतात अकरा जणी उपाशी.

पिठल्याचं पातेलं मी कमरेवर घेतलं. बांधावर बायका आपापल्या घरच्या ताटल्या मांडून बसल्या होत्या. कागदी पत्रावळ नाही, की मागे घासायचा ढीग नाही. एक जण म्हणालीच, "शेवंते, आज जेवान का रातचं हाय?"

मावशी काही बोलायच्या आत मी म्हटलं, "माझ्यामुळे उशीर झाला. फोटो काढायला भात उघडला."

त्यावर अशी हसाहस झाली की बगळे उडाले. "मंग भातानं त्वांड दावलं का न्हाई?" दुपारभर त्यांनी मला विळा धरायला लावला. एक वाफा मला संध्याकाळपर्यंत पुरला. निघताना मावशींनी पेंढ्याची एक गच्च पेंढी गाडीत टाकली. "घरी करून बग, पोरी," त्या म्हणाल्या. सकाळी मी ताई होते.

आता आमच्या ओट्याखाली तो पेंढा भरलेली एक जुनी टोपली असते. भात, डाळ, राजमासुद्धा नीट उकळून तिच्यात बसवते. सिलिंडर आठवडाभर जास्त पुरतो, आणि शिट्ट्या मोजत ओट्याशी उभं राहावं लागत नाही. या लेखात भाताचा फोटो नाही, तो का नाही हे तुम्हाला आता ठाऊक आहे.

रविवारी मावशींचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला.

"भात झाला का?"

"आत्ताच गोधडीत ठेवलाय, मावशी. अजून तासभर."

"मंग उघडू नगंस. बोलत बस माज्याशी."