चार सुरांपुरतं वाद्य

आमच्या युनियनमधल्या, कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करणाऱ्या एकाचं उजव्या हाताचं एक बोट मशीनने नेलं. कंपनीने चूक त्याच्याच माथी मारली. आम्ही दोन वर्षं भांडलो आणि जिंकलो, पण बोट काही परत आलं नाही. आधी तो पेटी वाजवायचा, ते त्याने तेव्हाच सोडलं. मग एक दिवस मला म्हणाला, "चल, सिंथेसायझर बघू. ड्यूटीवरून आल्यावर नुसतं भिंतीकडे बघत बसवत नाही रे."

दुकानदाराने हजार आवाजांचा चकचकीत डिजिटल पुढे केला. याची नजर मात्र कोपऱ्यातल्या स्वस्त, जुन्या ॲनालॉगवर.

"तो नको काका, एका वेळी चारच सूर देतो. पाचवी पट्टी दाबली की पहिला सूर बंद."

याने उजवा हात पुढे केला. "मोज. पाचवी दाबू कशाने?"

दुकानदार ओशाळला. मी मात्र, खरं सांगतो, खूप दिवसांनी हसलो.

काल त्याच्या घरी गेलो. वाद्य तापेपर्यंत सूर हलतात, म्हणून आल्या आल्या ते चालू करून तो हातपाय धुतो. मग चार बोटं पट्ट्यांवर ठेवतो आणि डाव्या हाताने एक बटण हळूहळू फिरवतो. दबलेला आवाज उघडत जातो.

"जेवण गार होतंय," वहिनी म्हणाल्या.

"होऊ दे." डोळे मिटलेले, खांदे थकून खाली आलेले. "चारही टिकलेत अजून."