केगमधून आला फक्त फेस

मित्रहो, आज दुपारी विजय नगरच्या आमच्या स्वयंपाकघरात मी हरता हरता राहिलो.

घरीच आंबवलेली बिअर केगमध्ये, म्हणजे नळ लावलेल्या स्टीलच्या बंद टाकीत, कार्बन डायऑक्साइड गॅसच्या दाबाखाली मुरत होती. तिने आमचा जुना फ्रिज अडवलेला. म्हणून पत्नीची, वसुधाची, अट होती, "आज ग्लासात बिअर दिसली नाही, तर टाकी भंगारात आणि फ्रिज माझ्या लोणच्यांना."

साक्षीदार म्हणून तिचा भाऊ सुधीर हजर. सगळी नोकरी कारखान्यात झालेली. मी उघडलेल्या नळाची बारीक धार बघून म्हणाला, "जीजाजी, एवढे काहून घाबरून राहिले? प्रेशर वाढवा!" आणि गॅसची चावी स्वतःच फिरवली.

ग्लासात नुसता फेस. दुसऱ्यातही फेस.

"अच्छा, दाढीचा साबण बनवला होय?" वसुधाने विचारलं.

पण मी हटलो नाही. गॅस बंद केला, टाकीतला जास्तीचा दाब सोडला आणि सुधीरला हाताची घडी घालायला लावली. पाठशाळेत 'शनैः शनैः' घोकलं होतं. त्याचा अर्थ पन्नाशीत, नळाशी उभं राहून कळला. मग जेमतेम गॅस देऊन ग्लास तिरका धरला. सोनेरी बिअर काठापर्यंत चढली, वर दोन बोटं फेस.

वसुधाने घोट घेतला. "कडू आहे," म्हणाली, आणि ग्लास काही परत दिला नाही. फ्रिज वाचला!

'अजून वाढवा' म्हणणारा मेहुणा तुमच्याकडेही असेलच. अशा वेळी त्याला तुम्ही कुठे बसवता?