सहीला लागलेले पाच दिवस

पेपरात आमचा फोटो आला तेव्हा मथळा होता, ‘उपचारापायी संसार रस्त्यावर’. फोटो काढणाऱ्याने मला चपला बाजूला काढून ठेवायला लावल्या होत्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘मावशी, बरं दिसतं.’ तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

खरं सांगायचं तर आम्ही रस्त्यावर एक दिवसही नव्हतो. नगरजवळच्या केडगावची भाड्याची खोली सोडल्यावर पंधरा दिवस बहिणीकडे, मग ओळखीतल्या एकाच्या बंद गाळ्यात आणि नवरा ॲडमिट झाल्यावर नगरला दवाखान्याच्या व्हरांड्यात. डोक्यावर छप्पर कायम होतं, फक्त ते आमचं नव्हतं. ओली साडी कुठे वाळत घालायची, हा माझा रोजचा पहिला प्रश्न असे. तो काही पेपरात आला नाही.

खोली ऑपरेशनमुळे गेली असं लोकांना वाटतं. ऑपरेशन तर तेव्हा झालंच नव्हतं. नवऱ्याला शुगर. पायाच्या अंगठ्याला झालेली जखम चिघळली, एमआयडीसीतलं काम सुटलं, आणि मी ब्लाउज शिवून मिळवलेले सगळे पैसे ड्रेसिंग, इंजेक्शनं आणि रिक्षात जाऊ लागले. असल्या बारीकसारीक खर्चानेच भाडं थकलं. घरमालकाने हाकललं नाही. तो फक्त रोज सकाळी दारात येऊन ‘कसं आहे आता?’ असं विचारू लागला. मी काय दूधखुळी नव्हते.

दवाखान्यात शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, पायाची रक्तवाहिनी बंद झाली आहे, चार दिवसांत मोकळी केली तर पाऊल वाचेल. सरकारी योजनेत ते फुकट होणार होतं. त्याला रेशनकार्ड लागत होतं आणि आमच्याकडे कार्ड नव्हतं.

तो घोळ माझाच. मिरजगाव सोडून नगरला आलो तेव्हा सासरच्या कार्डावरून आमची नावं मीच भांडून कमी करून घेतली होती. आमच्या वाट्याचं धान्य दीर उचलतो, असा मला संशय होता. नवं कार्ड काढायला घरमालकाचं संमतीपत्र हवं. केडगावात असतानाच मागितलं, तर तो म्हणाला, ‘आज पत्र दिलं की उद्या खोलीवर हक्क सांगाल.’ मला राग आला, पण त्याच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं.

त्याच शुक्रवारी पेपर वाचून लोक केळी घेऊन आले, हळहळले. मी प्रत्येकाला म्हटलं, केळी नकोत, आम्ही तुमच्याकडे राहतो एवढं लिहून द्या. त्यावर प्रत्येकाला काहीतरी काम आठवलं.

संध्याकाळी तोच दीर आला.

‘वहिनी, पेपरात वाचावं लागलं व्हय मला? एक फोन बी केला न्हाई?’

मी त्याच्यापुढे स्टूल सरकवलं.

‘तुमची नावं परत आमच्या कार्डावर चढवू. तहसीलात वळकीचा मानूस हाय, सुट्टी असली तरी दोन दिसांत करून देतो म्हनला. फकस्त दादाची हितं सही पायजे.’ आणि पिशवीतून त्याने स्टॅम्प पेपर काढला.

स्टॅम्प पेपर बघितला आणि मला आधी जमीनच आठवली. गावची जमीन दोघा भावांच्या नावावर, वाटणी झालेली नाही. कागदावर लिहिलं होतं, ‘आम्ही सर्व एकत्र कुटुंबात राहतो.’ कुठे राहतो एकत्र? इतक्या वर्षांत न फिरकलेला माणूस तयार कागद घेऊन आजच कसा उगवला? नवरा तापात होता. हातात पेन दिलं असतं तर त्याने कशावरही सही केली असती. म्हणून मी पेन दिलंच नाही.

‘ठेवून जा भावजी. वाचून देते.’

त्याला कळलं असणार. तो कागद ठेवून गेला.

मी तो सात-आठ वेळा वाचला. दर वेळी त्यात नवीन काळंबेरं दिसायचं. शनिवार-रविवार कोर्ट बंद, सोमवारी सुट्टी, आणि वकिलाशिवाय माझा कुणावर भरवसा नव्हता. दीर रोज फोन करायचा, ‘वहिनी, झालं का?’ तो जितकी घाई करी तितकी माझी खात्री पटत जाई. इकडे नवऱ्याची बोटं काळी पडत होती. ते मला दिसत होतं, आणि तरीही मी थांबले.

मंगळवारी वकिलाने एका मिनिटात कागद परत दिला. ‘बाई, हे रेशनकार्डाचं प्रतिज्ञापत्र आहे. यात कुणाची जमीन जात नाही.’

त्याच दुपारी सही झाली. गुरुवारी सकाळी दीर कार्ड घेऊन धावत आला, दुपारी मंजुरी आली. ऑपरेशन फुकट झालं, पण ते रक्तवाहिनीचं नाही. घोट्याच्या वरून पाय काढावा लागला. पैशाअभावी पाय गेला, असं लोक आजही म्हणतात. मी मान डोलावते.

नवरा शुद्धीवर आल्यावर बराच वेळ चादरीकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, ‘कार्डाला एवढा उशीर का झाला गं?’

‘तहसीलचा सर्व्हर बंद होता,’ मी म्हणाले.

दीर शेजारी बसून मोसंबी सोलत होता. त्याचे हात थांबले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, संपलं आता.

‘व्हय दादा,’ तो म्हणाला, ‘लई दिस बंद हुता.’

आता आम्ही मिरजगावला त्याच्याच घरात मागच्या खोलीत राहतो. त्याने ती गोष्ट आजवर काढलेली नाही, भांडणातसुद्धा नाही. मला त्याच्यापुढे लाज वाटते, आणि त्याचे उपकारही वाटतात. तरी दोघं भाऊ ओट्यावर हळू आवाजात बोलू लागले की मी मशीन थांबवते आणि दाराआड जाऊन उभी राहते.