नायलॉनचा शर्ट नको गो, बाय!

मंडळी, आज जीव नुसता टांगणीला लागलाय.

पुतणी सकाळच्या बोटीने मुंबईला गेली, विमान चालवायला शिकायला. मीच हौसेने नायलॉनचा शर्ट घेऊन दिला. "काका, आता मी पायलट दिसतंय मां?" म्हणाली नि तोच घालून निघाली.

दुपारी बंदरावर आमचा पांडू खारवी नव्या नायलॉनच्या दोरीची टोकं काडीने जाळून बंद करत होता. एक थेंब बोटावर पडला. पुसायला गेला तर सालडंच निघालं. "काका, ह्या वितळला की कातडेक चिकाटता!"

विमानात पेट्रोल, नि पोरीच्या अंगात हेच!

धावत जाऊन तिच्या मुंबईच्या पत्त्यावर तार केली, "सुती घाल." पण पोर हट्टी. म्हणेल, म्हाताऱ्याला फॅशन काय कळते?

मुंबईकरांनो, उद्या बोट लागताच भाऊच्या धक्क्यावर एखादा सुती सदरा घेऊन तिला गाठाल का हो?