कांचनावरची भुरी

कांचनाच्या झाडाचा रोग बरा करण्याच्या नादात मी एकदा घरातली नवी सून जवळजवळ घालवली होती.

सासू म्हणून मी तेव्हा आठवडाभराची होते. झाडांची डॉक्टर मात्र जन्मजात. (माहेर दिंडोरीकडचं, द्राक्षबागायतदार. बागेत मी फक्त द्राक्षं खाल्ली, पण ज्ञान रक्तातून येतं असा माझा समज.) एका सकाळी पाहते, तर फाटकाजवळच्या कांचनाची पानं पांढुरकी, पावडर फासल्यासारखी. निदानाला मला क्षणही लागला नाही. भुरी! द्राक्षावरच्या या बुरशीचं नुसतं नाव निघालं, तरी आमच्याकडची माणसं ताटावरून उठून बागेत पळतात.

लगेच दादाला फोन लावला. दिंडोरी लांब, म्हणून जरा मोठ्यानं बोलले.

"दादा, भुरी आलीये!"

तो म्हणाला, लय घाबरू नको, पण कोवळी असंल तवरच बंदोबस्त कर.

"कोवळीच आहे रे. लग्नाच्या गडबडीत माझं लक्षच गेलं नाही. आजच गंधक मारते."

आता, लग्नासाठी सूनबाईंनी, म्हणजे रेवानं, केस रंगवून छान भुरे करून घेतले होते, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. ती खिडकीशी चहा गाळत होती. तिनं गॅस बंद केला, बॅग भरली आणि सिन्नरला वडिलांना फोन केला. मुलगा माझा कामावर गेलेला.

मी घरभर गंधक शोधतेय, तोवर व्याही दारात हजर. मी हरखून म्हटलं, बरं झालं आलात, या भुरीचं काय करायचं ते आता तुम्हीच सांगा.

ते बसलेसुद्धा नाहीत. "जड झाली असेल तर नेतो, विहीणबाई. पण गंधक कशाला?"

डोक्यात प्रकाश पडायला मला अंमळ वेळच लागला. मग वरातीसारखं सगळ्यांना कांचनापाशी नेलं आणि पान दाखवलं. व्याह्यांचा चेहरा निवळला. रेवाचा नाही. तिनं बॅग न ठेवता पानावरून बोट फिरवलं, मग तेच कंपाउंडच्या भिंतीवरून. तोच पांढरा भुगा. लग्नाआधी रंगाऱ्यांनी ती भिंत घासली होती. (त्यांना चहा मीच नेऊन दिला होता.)

बॅग माझ्या हातात देत रेवा म्हणाली, "आई, ही पुट्टी आहे, पाणी मारलं की जाईल. आणि मामांना पुन्हा फोन करायचा असेल तर आधी सांगा, मी डोक्यावरून पदर घेईन."